खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा आवाज: घरासाठी आणि गाडीसाठी स्पीकर घेताना

गणपती जवळ आले की कुडाळपासून चिपळूणपर्यंत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात उभे राहा, गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॅटचा?" दुकानदार खोक्यावरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवतो आणि व्यवहार पुरा होतो. दिवाळीपर्यंत तोच माणूस परत येतो, "आवाज मोठो आसा, पण शब्द काय समजणत नाय."

पहिल्यांदा स्पीकर घेणाऱ्याने वॅट सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघायचं ते हे: आवाज कुठल्या जागेत वाजणार, स्पीकर कशाचा बनलाय आणि तो समुद्रापासून किती लांब राहणार. पुण्यात राहणाऱ्याला शेवटचा मुद्दा डोक्यात घ्यायची गरज नाही. आपल्याला आहे, आणि बऱ्याचदा तोच बाकीच्यांना भारी पडतो.

आधी घर बघा

स्पीकर ठेवायचा त्या खोलीत मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा शेपटीसारखा आवाज मागे राहिला, तर त्या खोलीत महागातला स्पीकरही शब्द खाणार. नव्या स्लॅबच्या घरांत, फ्लॅटमध्ये हे हमखास होतं, कारण खाली टाइल्स, वर सिमेंट, भिंती गुळगुळीत आणि फर्निचर मोजकं. अशा खोलीत जाड पडदा, जमिनीवर सतरंजी आणि समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढं करून पुन्हा टाळी वाजवा. फरक कळायला तज्ज्ञ असावं लागत नाही. हा खर्च स्पीकरच्या आधी करावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऐकणारे थोडे.

जुन्या कौलारू घराची गोष्ट उलट. छत उतरतं, कौलांच्या फटींतून आवाज वर निघून जातो, चिऱ्याच्या खडबडीत भिंती तो फारसा परतवत नाहीत. अशा माजघरात किंवा ओटीवर आवाज स्वच्छ लागतो, पण खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज (बेस), विरळ वाटतो. इथे स्पीकर भिंतीच्या जरा जवळ सरकवला की खर्ज भरतो. कोपऱ्यात नेला की आणखी वाढतो आणि गढूळही होतो. दोन वीत मागे-पुढे करून बघा, फुकटात सुधारणा होते. कौलं किंवा पत्रा सैल असेल तर खर्जाबरोबर तेही थरथरायला लागतात. तो आवाज स्पीकर फाटल्यासारखा लागतो, म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी वर बघावं.

पडवीत आणि अंगणात मात्र भिंतींची मदत नसते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने (डीबी, आवाजाचं माप) पडतो. म्हणून खोलीत छान वाजणारे छोटे स्पीकर अंगणातल्या भजनाला अपुरे पडतात. त्यावर उपाय म्हणून काही जण देवळात लावतात तसा भोंगा आणून टांगतात. भोंगा बोलणं लांबवर पोचवायला बनवलेला असतो. त्यात पखवाज वाजवला तर पत्र्याचा डबा बडवल्यासारखा ऐकू येतो. अंगणासाठी एक मोठा स्पीकर लावून दूरवर ओरडण्यापेक्षा दोन मध्यम स्पीकर माणसांच्या जवळ लावावेत.

खोक्यावरचे आकडे

पीएमपीओ (क्षणभराची कमाल शक्ती) लिहिलेला आकडा वाचूच नका. त्याला कुठलाही सर्वमान्य मापदंड नाही, कंपनीला वाटेल तो छापता येतो. आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारी शक्ती, शोधा. खोक्यावर नसेल तर मागच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो. कुठेच नसेल तर ती वस्तू खाली ठेवा.

त्याहून महत्त्वाचा आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटणारा आकडा म्हणजे संवेदनक्षमता, सेन्सिटिव्हिटी. १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डीबी आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. घरगुती स्पीकर साधारण ८४ ते ९० डीबीच्या दरम्यान असतात. फरक किरकोळ वाटतो, पण ३ डीबी वाढवायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे ९० डीबीच्या स्पीकरला १० वॅट दिले की जेवढा आवाज निघेल, तेवढ्यासाठी ८४ डीबीच्या स्पीकरला ४० वॅट ओतावे लागतील. "किती वॅटचा?" हा प्रश्न अर्धवट का, ते इथे कळतं.

ओहमचं, म्हणजे स्पीकरच्या विद्युतरोधाचं, सोपं ठेवा. घरचे स्पीकर बहुतेक ८ किंवा ६ ओहमचे, गाडीचे ४ ओहमचे. भंगारातून काढलेले गाडीचे स्पीकर घरच्या अँप्लिफायरला जोडायची हौस कोकणात फार. ४ ओहमचे दोन समांतर जोडले की अँप्लिफायरला २ ओहम दिसतात आणि तो तापून बंद पडतो किंवा कायमचा जातो. अँप्लिफायरच्या पाठीवर किमान किती ओहम चालतात ते छापलेलं असतं, त्याच्या खाली जायचं नाही.

आणखी एक उलटं वाटणारं सत्य: लहान अँप्लिफायर कान पिळून वाजवला तर स्पीकर जास्त लवकर जळतो. शक्ती संपली की तो लहरींचे शेंडे कापायला लागतो, आणि त्या कापलेल्या लहरींत वरच्या पट्टीची जी जादा ऊर्जा तयार होते ती थेट ट्वीटरवर, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर, जाते. आवाज चरचरायला लागला की आकडा कितीही शिल्लक असो, मागे यायचं.

दुकानात ऐकताना

फोनमध्ये आपल्या ओळखीचं चार-पाच प्रकारचं ऐकणं घेऊन जा. दुकानदार लावतो ती झगमगीत गाणी कुठल्याही स्पीकरवर बरी वाजतात. मी नवख्याला तीन गोष्टी न्यायला सांगतो: बातम्यांचं नुसतं वाचन, पखवाज-टाळांचं भजन, आणि पेटीबरोबर गाणारा एकटा गळा.

बातम्यांत 'स' आणि 'श' टोचत असतील तर ट्वीटर कर्कश आहे. बोलणारा माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर मधली पट्टी बिघडलेली. पखवाज हा तर खर्जाची पक्की परीक्षा. त्याच्या डाव्या पुडीवर कणकेचा लेप असतो, त्यामुळे तिथल्या 'धूम'ला नुसता धक्का नसतो, सूर असतो. चांगल्या स्पीकरवर तो सूर ऐकू येतो आणि हात उठला की थांबतो. वाईट स्पीकरवर प्रत्येक थाप सारखीच 'बुम्म' आणि पुढच्या थापेपर्यंत रेंगाळलेली. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, द्रुत लयीला तर सगळा चिखल होतो.

दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि दुकानदाराला हे ठाऊक असतं. ज्यात नफा जास्त तो चिमूटभर मोठा वाजतो, हा योगायोग नसतो.

साउंडबार की दोन वेगळे स्पीकर? टीव्हीवरचे संवाद नीट कळावेत एवढीच गरज असेल तर साउंडबार घ्या. टीव्हीला एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआय भोक) असेल तर त्याच वायरने जोडा म्हणजे रिमोट एकच राहतो. गाणं बसून ऐकणार असाल तर त्याच पैशांत दोन बुकशेल्फ (कपाटावर मावणारे छोटे) स्पीकर आणि छोटा अँप्लिफायर. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर साधारण तेवढंच त्यांच्यापासून तुमचं. सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) नंतर, वर्षभर ऐकून गरज वाटली तर. महाड, खेड, चिपळूण, राजापूर अशा पुराच्या गावांत तळमजल्यावर उभे टॉवर स्पीकर घेऊ नयेत. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना हे वेगळं सांगायला नको. रात्री पाणी चढायला लागलं की बुकशेल्फ जोडी उचलून माळ्यावर ठेवता येते.

कशाचा बनलाय

खरा कस इथे लागतो. स्पीकरचं तोंड जवळून बघा. मधल्या शंकूच्या कडेला जी लवचीक गोल पट्टी असते ती फोमची आहे की रबराची, ते बोटाने अगदी हलकं दाबून कळतं. फोम हाताला कोरडा, सच्छिद्र लागतो. रबर गार आणि गुळगुळीत. दमट हवेत फोम काही वर्षांत चिकट होतो, मग भुगा होऊन गळतो. किनाऱ्यावर रबरच घ्या. शंकू कागदाचा असेल तर आवाज गोड असतो हे खरं, पण लेप नसलेला कागद पावसाळ्यात ओल धरतो आणि त्यावर बुरशीचे ठिपके येतात. लेप दिलेला कागद किंवा पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आपल्याकडे बरा.

स्पीकरचं खोकं बहुधा एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं असतं. ते वाईट नव्हे, पण त्याच्या कापलेल्या कडा उघड्या असतील तर त्या पाणी पिऊन फुगतात. मागे, खाली आणि वायरच्या भोकात बोट फिरवून बघा. भुसा हाताला लागला तर तिथे वॉर्निश किंवा रंगाचा हात द्यायचा. सुताराकडून खोकं करून घेणार असाल तर मरीन प्लाय सांगा. वाळवी असलेल्या घरात भिंतीला टेकवून ठेवू नका, पायाखाली रबरी गट्टू द्या.

किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर घर असेल, वेंगुर्ल्याला, मालवणला, गुहागरला समुद्र पडवीतून दिसत असेल, तर पडवीसाठी बोटीवर लावतात त्या जातीचे, मरीन म्हणून विकले जाणारे स्पीकर बघा. त्यांचे स्क्रू स्टेनलेस असतात आणि प्लॅस्टिक उन्हाला टिकणारं. ब्लूटूथ स्पीकरवर आयपी६७ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरतो. पण ही परीक्षा गोड्या पाण्यात होते. किनाऱ्यावर नेऊन आणलात की नळाच्या पाण्याने हलका धुवा, पुसा, आणि चार्जिंगचं भोक पूर्ण सुकल्याशिवाय वायर लावू नका.

आता शहरातल्या लेखांत न सापडणारी गोष्ट. बुकशेल्फ स्पीकरला मागे किंवा पुढे एक गोल भोक असतं, खर्जाची हवा त्यातून जाते-येते. कुंभारीण माशीला हे भोक म्हणजे आयतं घर. चाकरमान्यांचं घर शिमग्यानंतर बंद होतं आणि गणपतीला उघडतं, तेव्हा भोकाच्या आतल्या अंगाला मातीची सुबक मडकी चिकटलेली असतात. खर्ज का गेला म्हणून माणूस अँप्लिफायर बदलायला निघतो. घर बंद करताना भोकात फोमचा बोळा किंवा मच्छरदाणीचा तुकडा लावून जायचं. अँप्लिफायरच्या जाळीतून पाली आणि मुंग्या आत जातात. पाल चिकटली की पूर्ण सर्किट जातं, तेव्हा बंद घरात अँप्लिफायर सिलिका जेलच्या पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात. स्पीकर नुसते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नयेत, आत कोंडलेली ओल बाहेरच्या ओलीपेक्षा वाईट.

चिऱ्याच्या भिंतीत ब्रॅकेट लावताना छोट्या प्लॅस्टिक गिट्टीवर भरवसा ठेवू नका. जांभा सच्छिद्र, गिट्टी आतच फिरते. लांब फास्टनर घ्या, भोकात सिमेंट भरा, नाहीतर सरळ स्टँड.

वायर आणि वीज

वायरवर हजारो रुपये घालवू नका, पण शंभर रुपये वाचवूही नका. घरात १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पुरते: जाऊन-येऊन २० मीटर धरले तरी रोध पाव ओहमच्या आत राहतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो नगण्य.

तांब्याची म्हणजे मात्र तांब्याचीच. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर 'कॉपर' म्हणून सर्रास मिळते. एक तार काढून ब्लेडने खरवडा. वरून लाल आणि आत पांढरी निघाली तर मुलाम्याची. खाऱ्या हवेत तिचं कापलेलं टोक भुकटी होऊन तुटतं. वरून पांढरी आणि आत लाल निघाली तर ती कथील चढवलेली तांब्याची तार, किनाऱ्यासाठी सगळ्यात उत्तम. नुसतं तांबं असेल तर उघड्या टोकावर वर्षभरात हिरवा कळंक येतो आणि एक बाजू मधूनच बंद व्हायला लागते. टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवा, वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवा. पावसाळ्यानंतर एकदा सगळे जोड काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुन्हा घट्ट करा.

विजेचं थोडक्यात. मे-जूनच्या वळवाला आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाला गडगडाट ऐकू आला की बटण बंद करून भागत नाही; प्लग उपसा, आणि डिश किंवा इंटरनेटची वायरही काढा, कारण वीज तिथूनही येते. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय बिनकामाचा, आणि सड्यावरच्या, कातळावरच्या घरांत अर्थिंग बहुधा नावापुरतंच असतं. वायरमनकडून ते मोजून घ्या. लाइट गेली की अँप्लिफायर बंद करा, आल्यावर पाच मिनिटं थांबा. इन्व्हर्टरवर स्पीकर घुमतो तो बऱ्याचदा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमुळे, साइन वेव्हवर तो त्रास जातो. घुमणं घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

गाडीत

गाडीत पैसे खर्च करायचा क्रम उलटा लागतो. बहुतेक जण डिकीत मोठा वूफर टाकून सुरुवात करतात. सुरुवात पुढच्या दारापासून व्हायला हवी.

पहिलं, माप. पुढच्या दारात बहुधा साडेसहा इंची स्पीकर बसतो, काही गाड्यांत सव्वापाच. व्यासाइतकीच खोली महत्त्वाची: काच पूर्ण खाली घेतल्यावर ती चुंबकाला घासता कामा नये. दुकानात हे काच खाली घेऊनच मोजायला सांगा.

कोअ‍ॅक्सियल की कंपोनंट? कोअ‍ॅक्सियलमध्ये ट्वीटर वूफरच्या मधोमध असतो, बसवणं सोपं, स्वस्त. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा, तो वर आरशाच्या कोपऱ्यात लागतो आणि आवाज पायांऐवजी समोरून येतो. पुढे कंपोनंट, मागे कंपनीचे तसेच राहू द्या. माझ्या मते मागच्या स्पीकरवर पैसे घालवणं म्हणजे सामानाला गाणी ऐकवणं.

स्टिरिओवर '४ गुणिले ५०' लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात सलग मिळतात प्रत्येकी १५ ते २० वॅट. म्हणून स्पीकर संवेदनक्षम घ्या, अँप्लिफायर पुढच्या वर्षी. तो घेताना बॅटरीपासून येणाऱ्या जाड वायरवर बॅटरीच्या जवळ, फार तर दीड फुटावर, फ्यूज बसलाय ना हे स्वतः डोळ्यांनी बघा. अँप्लिफायरजवळचा फ्यूज अँप्लिफायर वाचवतो. बॅटरीजवळचा गाडी वाचवतो. वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर मधे थांबवणारं दुसरं काही नसतं. आवाजाची आरसीए वायर गाडीच्या एका अंगाने, विजेची दुसऱ्या अंगाने. दोन्ही एकत्र बांधल्या की एक्सिलरेटरबरोबर चढणारी शिटी ऐकू येते. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, लग घट्ट करायचा आणि मग वरून ग्रीस. किनाऱ्यावर ग्रीस विसरलात तर दोन पावसाळ्यांत तिथे गंज.

अँप्लिफायरवरचा 'गेन' हा आवाजाचा खटका नाही. स्टिरिओ तीन चतुर्थांश ठेवा, गेन शून्यापासून वाढवत न्या, चरचर सुरू झाली की थोडा मागे. हाय पास फिल्टर (खालचा खर्ज अडवणारा) ८० हर्ट्झच्या आसपास लावला की दारातल्या स्पीकरवरचा खर्जाचा भार हलका होतो आणि आवाज लगेच सुटा होतो.

दाराच्या आत ब्युटाइलची (रबरासारखी जड) चादर चिकटवली की पत्रा थरथरायचा थांबतो. स्पीकर बदलण्याच्या निम्मा फायदा याच कामात आहे. पण आपल्या पावसात एक काळजी: दारात पाणी शिरतंच, काचेच्या रबराजवळून खाली उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. चादर चिकटवताना ही भोकं बुजली की दारात तळं साचतं आणि आतून गंज धरतो. आतला प्लॅस्टिकचा पडदाही जसा होता तसा परत लावायचा. स्पीकरखालची कडी एमडीएफची नको, प्लॅस्टिकची. एमडीएफ एका पावसाळ्यात फुगते. स्पीकरवर पाणी पडू नये म्हणून मागे छोटी छत्री मिळते, ती लावून घ्या.

सीटखाली बसणारा सबवूफर जागा वाचवतो म्हणून लोकप्रिय आहे. आंबोलीला किंवा करूळ घाटात उतरून धबधब्यात भिजलेली माणसं त्याच सीटवर येऊन बसतात, आणि पाणी गालिच्याखाली तिथेच जमतं. घ्यायचाच तर दोन इंच उंच ब्रॅकेटवर बसवा.

कंपनीची वायर कापू देऊ नका. बहुतेक गाड्यांसाठी कपलर (वायर न कापता बसणारा तयार जोड) मिळतो. कापलेल्या वायरीवर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आणि रात्री गावात शिरताना काचा वर: ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खाजगी जागेतल्या आवाजालाही तुमच्या हद्दीपाशी त्याच्यावर फक्त ५ डेसिबलची सूट आहे.

फिटिंग झालं की पैसे देण्याआधी तिथेच तपासा. इंजिन चालू करून गाणं थांबवा, रेस द्या, शिटी येते का ऐका. चारही काचा पूर्ण खाली-वर करा. रिव्हर्सचा बीप आणि फोनवरचं बोलणं दोन्ही चालतंय का बघा. डाव्या-उजव्या बॅलन्सने एकेक बाजू ऐका, उलटी जोडलेली बाजू असेल तर दोन्ही मिळून खर्ज गायब होतो. मग बाहेर येऊन बंद काचेवर बादलीभर पाणी ओता आणि दाराच्या तळातून ते निघतंय का हे वाकून बघा. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि ओलाव्याने आलेला बिघाड वॉरंटीत धरतात की नाही, हे त्याच बिलावर लिहून मागा.